'द आर्टिस्ट', मास्टर विठ्ठल आणि आपला खान्देशी हेल

तापीकाठ (जळगाव)

मंडळी,

'द आर्टिस्ट' २०११ साली आला तेव्हा सगळीकडे एकच सूर होता: मूकपटांच्या जमान्याला केलेला देखणा मुजरा. काळापांढरा, जवळजवळ चौकोनी पडद्याचा, संवादांऐवजी पाट्या दाखवणारा सिनेमा आजच्या काळात काढला, त्याला पाच ऑस्कर मिळाली, त्यातलं एक सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं. कौतुक व्हायलाच हवं होतं. पण मला हा सिनेमा जवळचा वाटतो तो वेगळ्याच कारणासाठी, आणि ते कारण खान्देशातल्या माणसाला चटकन पटेल असं वाटतं. म्हणून हा धागा. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी आधी पाहून घ्या, कारण पुढे शेवटासकट सगळं आलं आहे.

गोष्ट १९२७ ते १९३२ या काळातल्या हॉलिवूडची. जॉर्ज व्हॅलेंटिन हा मूकपटांचा बडा नट. देखणा, हसरा, स्वतःवर बेहद्द खूश, आणि कायम पायात घोटाळणारं त्याचं कुत्रं. पेपी मिलर ही गर्दीतून पुढे आलेली मुलगी. बोलपट येतो, पेपी वर चढत जाते, जॉर्ज घसरत जातो. तो बोलायला नकार देतो, स्वतःच्या पैशाने मूकपट काढतो, त्यात शेअर बाजार कोसळतो आणि होतं नव्हतं ते जातं. शेवटी पेपीच त्याला हात देते.

कथेत नवं काही नाही. दिग्दर्शक मिशेल हझानाव्हिसियूसने ती ज्या रीतीने मांडली आहे त्यात सगळी गंमत आहे. सिनेमा सुरू होतो तेव्हा जॉर्जचाच एक सिनेमा थिएटरात चालू असतो. त्यात शत्रू त्याला खुर्चीला बांधून विजेचे झटके देतायत, 'बोल' म्हणतायत, आणि तो पाटीवर सांगतो की काही झालं तरी बोलणार नाही. प्रेक्षकांना ती हेरकथा वाटते. पण अख्ख्या सिनेमाची चावी पहिल्या मिनिटातच हातात दिलेली असते.

मग ते स्वप्न. स्टुडिओत त्याला बोलपटाची चाचणी दाखवतात, तो हसून निघून येतो. मेकअपच्या खोलीत पाण्याचा ग्लास टेबलावर ठेवतो आणि ग्लासाचा आवाज होतो. तोवर आपण फक्त संगीत ऐकत आलेलो असतो, त्यामुळे त्या टक् आवाजाने आपणही दचकतो. तो ग्लास पुन्हा उचलून ठेवतो. पुन्हा आवाज. कंगवा वाजतो, कुत्रं भुंकतं, फोन खणखणतो, बाहेर मुली खिदळतात. सगळ्या जगाला आवाज आहे. जॉर्ज आरशासमोर तोंड उघडून ओरडतो, आणि त्याचा मात्र आवाज निघत नाही. बाहेर पडतो तर एक पीस हवेत तरंगत खाली येतं आणि जमिनीला टेकताना बॉम्ब फुटल्यासारखा धडाका होतो. आवाजाची धास्ती दाखवणारं इतकं नेमकं दृश्य मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

आणि आता शेवट. जॉर्ज आणि पेपी टॅप डान्स करतात, नाच थांबतो, दोघांचा धापा टाकण्याचा आवाज आपल्याला ऐकू येतो. निर्माता म्हणतो, अजून एकदा कराल का? जॉर्ज दोन शब्द बोलतो, 'आनंदाने करतो' अशा अर्थाचे. अख्ख्या सिनेमात त्याचे ऐकू येणारे शब्द एवढेच. आणि त्यात स्पष्ट फ्रेंच हेल आहे.

तिथे मला सगळा सिनेमा उलटा दिसू लागला. हा माणूस अभिमानाने गप्प नव्हता. तोंड उघडलं की आपण 'इथले' नाही हे जगाला कळेल, ही त्याची भीती होती. मूकपटात त्याला गाव नव्हतं, भाषा नव्हती, तो सगळ्यांचा होता. आवाजाने त्याला परका करून टाकलं असतं.

हे काही नुसतं कल्पनेतलं नाही. एमिल यानिंग्ज या जर्मन नटाला अभिनयाचं पहिलंवहिलं ऑस्कर मिळालं, आणि बोलपट येताच त्याला जर्मनीला परतावं लागलं, कारण त्याचं इंग्रजी जड जर्मन वळणाचं होतं. आपल्याकडचं उदाहरण तर मनाला जास्त लागतं. १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला, भारताचा पहिला बोलपट. नायक कोण? मास्टर विठ्ठल, आपला मराठी माणूस, मूकपटांतला मारधाडीचा बादशहा. त्याला शारदा फिल्म कंपनीतून 'आलम आरा' काढणाऱ्या इंपीरियल कंपनीने ओढून घेतला, कराराचा खटला झाला, त्यात त्याची बाजू बॅरिस्टर जिनांनी मांडली आणि जिंकली. एवढं करून आणलेल्या नायकाची हिंदुस्तानी जबान काही जमेना. म्हणून त्याला सिनेमाभर बराच वेळ गुंगीत, अर्धवट शुद्धीत दाखवलं. देशातल्या पहिल्या बोलपटाचा नायक, आणि त्याच्याच तोंडी बोलणं नाही!

मी लेवा पाटीदारांच्या गावातला. घरी 'केळी' नाही, 'केयी'. 'डोळा' नाही, 'डोया'. पुण्याला शिकायला गेलो तेव्हा पहिले कित्येक महिने वर्गात मी कमीत कमी बोलायचो. मित्रांना वाटायचं, हा मोठा गंभीर मुलगा आहे. मी गंभीर वगैरे काही नव्हतो, माझा 'ळ' पकडला जाईल याची धास्ती होती. जॉर्ज ग्लास खाली ठेवतो आणि दचकतो, तो दचका मला ओळखीचा आहे.

तुम्हाला काय वाटतं? आणि मूकपटांवरचे, त्या काळावरचे आणखी कोणते सिनेमे तुम्हाला लागले, तेही लिहा.

भुसावळ_यार्ड

धागा आवडला दादा, पण मुद्दा पूर्ण पटला नाही. त्या दोन शब्दांवर तुम्ही फार मोठी इमारत उभी केली आहे. सिनेमाभर जॉर्ज फ्रेंच असल्याची एकही ठळक खूण दिलेली नाही. तो नकार देतो तो गर्वातून. 'लोक मला बघायला येतात, ऐकायला नाही' अशी त्याची धारणा आहे, आणि ती त्या काळातल्या बऱ्याच मोठ्या लोकांची होती.

चॅप्लिनचंच बघा. बोलपट येऊन रुळला तरी त्याने १९३१ ला 'सिटी लाइट्स' मूक ठेवला आणि १९३६ ला 'मॉडर्न टाइम्स'सुद्धा. त्यात त्याचा आवाज पहिल्यांदा पडद्यावर ऐकू येतो तो गाण्यात, आणि ते गाणं कुठल्याच भाषेत नाही, नुसते अर्थहीन शब्द. तो काय भीतीपोटी गप्प होता? त्याचं म्हणणं होतं की त्याचा भटक्या सगळ्या जगाचा आहे, त्याने इंग्रजी तोंड उघडलं की तो एका देशाचा होईल.

माझी दुसरी तक्रार सिनेमाबद्दलच आहे. गोड आहे, जरा जास्तच गोड. मूकपटांच्या काळात किती प्रकारचं काम झालं, किती अंधारी, रानटी, वेडी चित्रं निघाली. इथे त्यातली फक्त गोंडस बाजू घेतली. आणि ऐन शेवटाकडे 'व्हर्टिगो'चं संगीत उचलून वापरलं. श्रेय दिलं आहे, मान्य. पण १९५८ चं संगीत १९३२ च्या वेदनेवर का? त्या सिनेमाची नायिका किम नोव्हाकने यावर जाहीर आणि तिखट आक्षेप घेतला होता, आणि मला तो बरोबर वाटतो. ल्युडोविक बूर्सचं स्वतःचं संगीत एवढं चांगलं असताना तिथेच उधारी का करावी?

तापीकाठ

यार्डभाऊ, चॅप्लिनचं उदाहरण तुम्ही माझ्या विरोधात दिलंत, पण ते माझ्याच बाजूने जातं. 'तोंड उघडलं की एका देशाचा होईन' हेच तर मी म्हणतोय. चॅप्लिनकडे स्वतःचा स्टुडिओ होता, पैसा होता, म्हणून तो त्याला तत्त्व म्हणू शकला. जॉर्जकडे ते नव्हतं म्हणून त्याचा गर्व झाला. आतली गोष्ट तीच.

'व्हर्टिगो'च्या संगीताबद्दल तुमच्याशी सहमत. मलाही तिथे दर वेळी खटकतं.

रीळवाले नाना (धुळे)

पोरांनो, तुमची चर्चा वाचली. मी टूरिंग टॉकीजला ऑपरेटर होतो. सारंगखेड्याची दत्ताची यात्रा, अमळनेरची वैशाखातली यात्रा, असे तंबू लागायचे. मुलाने हा सिनेमा लॅपटॉपवर दाखवला. मला त्यातलं सगळ्यात काय लागलं ते सांगतो.

जॉर्ज दारूच्या नशेत आपल्या सिनेमांची रिळं डब्यांतून ओढून काढतो आणि काडी लावतो. क्षणात खोली पेटते. लोकांना वाटेल सिनेमावाल्यांनी वाढवून दाखवलं. काही वाढवलेलं नाही. ती जुनी फिल्म नायट्रेटची असायची. एकदा पेटली की विझत नाही, पाण्याखालीही जळत राहते. माझ्या काळात सेफ्टी फिल्म आली होती, ती गेटमध्ये अडकली तर वितळायची, पडद्यावर फोड आल्यासारखा डाग पसरायचा, पण आगडोंब होत नव्हता. माझ्या वस्तादांनी मात्र नायट्रेट हाताळली होती. केबिनमध्ये विडी ओढणाऱ्याला ते हाताला धरून बाहेर काढायचे.

त्या आगीत जॉर्ज एकच डबा छातीशी धरून पडतो. तो डबा कुठल्या गाजलेल्या सिनेमाचा नाही, पेपीबरोबर नाचलेल्या तुकड्याचा आहे. ते बघून मी मुलाला म्हटलं, थांबव जरा.

तुम्ही आवाजाचं म्हणता म्हणून एक सांगतो. मशीनच्या साउंड हेडमध्ये एक छोटा बल्ब असतो, एक्सायटर म्हणतात. फिल्मच्या कडेला आवाजाची पट्टी असते, तिच्यातून त्या बल्बचा उजेड गेला तर आवाज. एका यात्रेत तो बल्ब उडाला आणि जादा बल्ब सापडेना. चित्र चालू, आवाज बंद. मी घाबरलो, आता खुर्च्या फेकतील. तर कोणी काही बोलेना! मारामारी चालू होती, लोक रंगून बघत होते. एक जण उठून हिरोचे संवाद स्वतःच म्हणायला लागला, त्याने तो सिनेमा आधी पाहिलेला असणार. दुसऱ्याने व्हिलनचे घेतले. गाणं आलं तेव्हा मात्र बोंब झाली. 'गानं दखाडू नको, आयकाड!' म्हणत लोक केबिनकडे धावले. तोवर बल्ब मिळाला होता.

म्हणून मला वाटतं, बोलपट का जिंकला त्याचं कारण संवाद नाही. गाणं.

अमळनेरनी_लेक

नाना, तुमचा शेवटचा मुद्दा लाख मोलाचा. 'आलम आरा'त सात गाणी होती आणि लोक ती ऐकायला तुटून पडले. आज त्या सिनेमाची एकही प्रत शिल्लक नाही, गाणीही गेली.

तापीकाठ दादा, तुमचा हेलाचा मुद्दा मला पूर्ण पटला, पण शेवट तुम्हाला आनंदी वाटतो तसा मला वाटत नाही. जॉर्जला पुन्हा काम मिळालं, पण कसलं? नाचाचं. बोलायला दोन शब्द. म्हणजे स्टुडिओने काय केलं, त्याचा हेल स्वीकारला नाही, हेल ऐकू येणार नाही असं काम शोधून दिलं. मास्टर विठ्ठलांना गुंगीत दाखवलं त्यात आणि यात फरक किती?

आमच्या अहिराणीचं पाहा. आजही मराठी मालिकेत कोणी अहिराणी बोललं तर ते पात्र हसवायला ठेवलेलं असतं. रडणारी, प्रेम करणारी, न्यायालयात वाद घालणारी बाई अहिराणीत बोलते असं किती वेळा पाहिलं? आमचे लोक मग नाचाकडेच वळले. यूट्यूबवर अहिराणी गाणी बघा, लग्नाच्या वरातीत तीच वाजतात, त्यांना प्रेक्षक तुफान आहे. मला ती गाणी आवडतात, मीही त्यांवर नाचते. पण नाचायला परवानगी आणि बोलायला नाही, हे जॉर्जचंच नशीब झालं.

भुसावळ_यार्ड

ताई, हा मुद्दा मात्र जबरदस्त. मी शेवट असा पाहिलाच नव्हता. तरी पेपीची बाजू थोडी मांडतो. ती त्याला कीव म्हणून काम देत नाही. लिलावातलं त्याचं सगळं सामान तिने गुपचूप विकत घेऊन ठेवलं होतं, जॉर्जला ते कळतं तेव्हा तो दुखावतो, आणि तिथून पुढे दोघांना बरोबरीने करता येईल असं काही ती शोधते. ग्रेटा गार्बोचंही लक्षात असू द्या. तिचं इंग्रजी स्वीडिश वळणाचं, तरी १९३० ला 'ॲना ख्रिस्ती'त ती बोलली आणि लोकांनी तो हेल डोक्यावर घेतला. तेव्हा दार अगदीच बंद नव्हतं.

अमळनेरनी_लेक

गार्बोला घेतलं, यानिंग्जला नाही. दार उघडायचं की नाही ते दुसऱ्याच्या हातात होतं, एवढंच म्हणते.

सातपुड्याची_बाई

मी धडगाव भागातल्या एका आश्रमशाळेत शिकवते. आमच्या मुलांची घरची भाषा पावरी किंवा भिली. मराठी ती शाळेत येऊन शिकतात, इंग्रजी त्यानंतर. वर्गात प्रश्न विचारला की उत्तर माहीत असलेली मुलंसुद्धा खाली बघतात. तापीकाठ दादा लिहितात ती धास्ती इथे रोजची आहे.

'द आर्टिस्ट' मी नववी-दहावीला दाखवला, भिंतीवर, प्रोजेक्टर लावून. अडचण एकच होती, पाट्या इंग्रजीत. मी मराठीत सांगायचे ठरवलं होतं. पहिल्या दोन-चार पाट्यांनंतर मागे बसलेल्या एका मुलीने माझं मराठी पावरीत सांगायला सुरुवात केली, कारण चोरून आत शिरलेली तिची लहान बहीण शेजारी होती. थोड्या वेळाने ती माझी वाट बघेनाशी झाली. चित्र बघून स्वतःच सांगू लागली, आणि सगळा वर्ग तिच्याकडे कान लावून. मूकपटांच्या काळात आपल्या थिएटरांतही पाट्या वाचता न येणाऱ्यांसाठी कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवत असे. ते माझ्या वर्गात आपोआप घडलं. आणि ही मुलगी तासाला कधी तोंड उघडत नाही, हे मुद्दाम लिहिते.

मुलांना काय आवडलं? कोटाचं दृश्य. जॉर्जच्या खोलीत त्याचा कोट खुंटीवर टांगलेला असतो. पेपी जवळ जाते आणि आपला एक हात त्या रिकाम्या बाहीत घालते. मग तोच हात तिच्या कमरेभोवती येतो, जणू जॉर्जनेच तिला जवळ घेतलं आहे. मुली लाजून एकमेकींना चिमटे काढत होत्या, मुलगे गप्प. या दृश्याला एकही पाटी नाही. मी काही सांगितलं नाही, कोणी विचारलंही नाही.

जिना कळला. स्टुडिओच्या जिन्यावर दोघं भेटतात, जॉर्ज खाली उतरत असतो, पेपी वर चढत असते. एक मुलगा लगेच म्हणाला, 'बाई, ती वरच्या पायरीवर उभी आहे, तो खालच्या.' दिग्दर्शकाला जे सांगायचं होतं ते धडगावच्या पोराने पहिल्या झटक्यात वाचलं.

पिस्तुलाच्या दृश्याची मला काळजी होती. पेपी गाडी हाकत त्याच्याकडे निघाली आहे, जॉर्ज तोंडात पिस्तूल धरून बसला आहे, आणि अचानक पाटी येते, धडाम. मुलांनी श्वास रोखला. दुसऱ्या क्षणी कळतं, आवाज गाडी झाडावर आदळल्याचा होता. सगळे एकदम हसले, दोघी रडतही होत्या. पाटीने एवढी फसवणूक करता येते हे बोलपटात जमणारच नाही.

भुसावळ यार्ड सर, तुम्ही गोड म्हणालात. असेल. पण ज्या मुलांना प्रत्येक सिनेमात भाषेचा उंबरठा ओलांडून जावं लागतं, त्यांना एक सिनेमा असा मिळाला की ज्यात मराठी मुलं, इंग्रजी मुलं त्यांच्या पुढे नव्हती.

भुसावळ_यार्ड

बाई, तुमच्या या प्रतिसादापुढे माझी गोडव्याची तक्रार मी मागे ठेवतो. त्या मुलीला माझा नमस्कार सांगा.

साक्रीकर

आमच्याकडच्या भोवाड्याची, म्हणजे मुखवटे घालून नाचायच्या सोंगांची, आठवण कोणी काढली नाही म्हणून लिहितो. देवांचे, राक्षसांचे लाकडी नाहीतर कागदाच्या लगद्याचे मोठे मुखवटे. मुखवटा चढला की तोंड बंद. संबळ वाजतो आणि सोंग नाचत येतं. चेहरा एकच, तो हलत नाही, तरी राग, मस्ती, दमणं सगळं खांद्यात आणि पावलांत दिसतं. आमच्या म्हाताऱ्या माणसांना मूकपट दाखवला असता तर त्यांना त्यात काही नवल वाटलं नसतं.

आणि मूकपट कधी मुका नव्हताच. पडद्यासमोर पेटी-तबला घेऊन माणसं बसलेली असायची, प्रसंग बघून वाजवायची. आवाज थिएटरात होता, फिल्ममध्ये नव्हता.

गिरणाथडी

काय नामी सिनेमा शे भो! बोलस नही काही, पन समदं समजी जास. मन्ही मायनी बी पुरा दखा.

चाळीसगावकर

तांत्रिक बाजूबद्दल थोडं. हा सिनेमा रंगीत फिल्मवर चित्रित करून मग काळापांढरा केला आहे. चित्रण सेकंदाला २२ चौकटींनी केलं आणि दाखवला २४ ने, त्यामुळे माणसांच्या चालण्यात बारीकशी चपळाई येते. डोळ्याला कळतही नाही, पण जुन्या काळात गेल्यासारखं वाटतं. खऱ्या मूकपटांचा कॅमेरा हाताने फिरवायचे, वेग साधारण १६ ते २० च्या आसपास, कधी कमी कधी जास्त. तीच चित्रं पुढे बोलपटाच्या २४ च्या मशीनवर चालवली म्हणून त्यातली माणसं तुरुतुरु पळताना दिसतात. आपल्या पिढीला वाटतं मूकपट म्हणजे विनोदी धावपळ. तो दोष त्या सिनेमांचा नाही, चुकीच्या वेगाचा आहे.

रंग नसण्याबद्दल आम्हा चाळीसगावकरांना वेगळं सांगायला नको. केकी मूस यांच्या घरात जाऊन त्यांची छायाचित्रं पाहिली की कळतं, प्रकाश कुठे टाकायचा आणि कुठे अडवायचा एवढ्यावर माणूस आयुष्य काढू शकतो. ज्यांनी ते घर पाहिलं नाही त्यांनी स्टेशनवर उतरून आधी तिकडे जावं.

तापीकाठ

चाळीसगावकर, वेगाचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. फाळक्यांचे तुकडे आपण याच चुकीच्या वेगाने पाहत आलो आणि त्यांना बाळबोध समजत आलो.

मुजऱ्याचाच विषय आहे तर 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'बद्दल कोणीच लिहिलं नाही याचं नवल वाटलं. परेश मोकाशींचा २००९ चा सिनेमा, नंदू माधव फाळक्यांच्या भूमिकेत, विभावरी देशपांडे सरस्वतीबाईंच्या. तो मूक नाही, पण हालचालींची लय मूकपटाची आहे. कर्ज, विकलेलं सामान, लोकांचे टोमणे, सगळं असूनही त्यातले फाळके कुठे रडत नाहीत. त्यांना काम करायला मजा येतेय, एवढंच दिसत राहतं. आणि सरस्वतीबाई. दिवसभर सगळ्या युनिटचा स्वयंपाक आणि मग अंधाऱ्या खोलीत फिल्मला भोकं पाडायची, धुवायची. ३ मे १९१३ ला कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला त्यात त्यांचा वाटा निम्मा तरी धरायला हवा.

पण मुजरा करायचा तर मूळ बघूनच करायला हवा. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले असं मानलं जातं, त्यातले हाताशी तिसाच्या आतबाहेर. बाकीचे जळाले, कुजले, चांदीसाठी वितळवले. बाबुराव पेंटरांचा १९२५ चा 'सावकारी पाश', ज्यात शांताराम बापू (व्ही. शांताराम) तरुण शेतकरी झाले होते, जमीन सावकाराच्या घशात गेली म्हणून शहराच्या गिरणीत जाणारा शेतकरी, तोही गेला. कापूस पिकवणाऱ्या आणि गिरण्या पाहिलेल्या आपल्या मुलखाने तो सिनेमा पाहायला हवा होता.

जे उरलं ते बहुतांशी पी. के. नायर यांच्यामुळे. पुण्याचं चित्रपट संग्रहालय १९६४ ला निघालं, आणि या माणसाने दारोदार फिरून डबे गोळा केले. फाळक्यांची रिळंही त्यांनीच फाळके कुटुंबाकडून मिळवली.

अमळनेरनी_लेक

'कालिया मर्दन' पाहिलाय का कोणी? १९१९ चा. यूट्यूबवर आहे, बराचसा भाग शाबूत. त्यात कृष्ण झाली आहे फाळक्यांची लहान मुलगी मंदाकिनी. कथा सुरू होण्याआधी नुसता तिचा चेहरा दिसतो आणि ती एकामागून एक भाव दाखवते. हसते, रुसते, रागावते. मग त्याच चेहऱ्याचा कृष्ण होतो. बापाने लेकीचा चेहरा प्रेक्षकांपुढे ठेवून म्हटलंय, आधी ही काय करू शकते ते बघा. ते बघताना मला 'द आर्टिस्ट'पेक्षा जास्त काहीतरी झालं.

आपण तो अमळनेरला दाखवू या का? समोर वाजवणारे बसवून. मी जागेचं बघते.

साक्रीकर

संबळ आणि पिपाणी मी आणतो. वाजवणारे आमच्या गावचे आहेत, प्रसंग बघून वाजवायची त्यांना सवय आहे. कालिया डोहातून वर येतो तिथे संबळच हवा.

भुसावळ_यार्ड

सगळीकडे संबळ नको भाऊ. यशोदेच्या प्रसंगांना पेटी लागेल. माझ्या ओळखीत भजनी मंडळातले एक पेटीवाले आहेत, त्यांना विचारतो.

सातपुड्याची_बाई

मुलांना आणायची परवानगी मिळाली तर मी येईन. पाट्या वाचायला माझ्याकडे माणूस आहे, पण ती पावरीत सांगेल. चालेल ना?

अमळनेरनी_लेक

बाई, पावरीत ती, अहिराणीत मी. मराठी ज्याला हवी त्याने पाटी वाचावी.

रीळवाले नाना (धुळे)

मी येतो. तीन गोष्टी आधी बघून ठेवा. एक, पडदा शिवणीचा नको, मध्ये जोड आला की चेहऱ्यावर रेघ येते. दुसरं, चाळीसगावकर म्हणतात तो वेग. यूट्यूबची फाइल किती वेगाने चढवली आहे ते आधी घरी बघा, माणसं पळत असतील तर कॉम्प्युटरवर कमी करून घ्या, वाजवणाऱ्यांना त्याच वेगावर तालीम द्या. तिसरं, वाजवणारे पडद्याच्या बाजूला बसवा, समोर नको, त्यांना चित्र दिसलं पाहिजे आणि त्यांच्या डोक्यांची सावली पडद्यावर पडता कामा नये. आणि यात्रेच्या दिवसांत करणार असाल तर वैशाखात अंधार उशिरा पडतो, उघड्यावर आठच्या आत सुरू करू नका. डिझेल जनरेटर असेल तर तो लांब ठेवा. आवाज संबळाचा ऐकू यायला हवा, इंजिनाचा नको.